‘ह्याला कुठेतरी पाहिलंय’: हॅरी मॉर्गनविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॅरी मॉर्गन म्हणजे नेमका कोण?

‘मॅश’ मालिकेतला कर्नल पॉटर. एवढं सांगितलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर चेहरा येतो. बेताची उंची, विरळ पांढरे केस, ओठ घट्ट मिटलेले, आवाज थोडा कोरडा, आणि समोरचा बोलत असताना त्याच्याकडे टक लावून बघायची सवय.

पण पॉटर त्याच्या वाट्याला आला तेव्हा मॉर्गन साठ वर्षांचा होता. त्याआधी त्याची जवळजवळ चाळीस वर्षं नाटक, सिनेमा आणि टीव्हीत गेली होती. त्याचा जन्म १० एप्रिल १९१५चा, अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातला. ७ डिसेंबर २०११ रोजी तो लॉस एंजेलिसमध्ये गेला, तेव्हा ९६ वर्षांचा होता. शंभराच्या वर चित्रपट आणि टीव्हीवरच्या कितीतरी मालिका त्याच्या नावावर आहेत.

मी इथे त्याच्याविषयी एकेरीतच लिहिणार आहे. आवडत्या नटाला आपण अहो-जाहो करत नाही, तसंच.

चरित्र अभिनेता कशाला म्हणायचं? आणि त्यात मॉर्गनच का?

नायक, नायिका आणि खलनायक बाजूला केले की पडद्यावर जी माणसं उरतात, त्यांच्यावर गोष्टीचा अर्धा भार असतो. न्यायाधीश, शेजारी, दुकानदार, हवालदार, नायकाचा दोस्त. गोष्ट त्यांची नसते, पण ती खरी वाटते ती ह्यांच्यामुळे. हॉलिवूडच्या स्टुडिओंकडे अशा नटांची मोठी फौज असायची. टीव्ही आल्यावर त्यांना आणखी मोठं घर मिळालं, कारण टीव्हीला दर आठवड्याला नवी गोष्ट लागायची आणि प्रत्येक गोष्टीत चार-पाच विश्वासाचे चेहरे.

मॉर्गनच का, ह्याचं माझं उत्तर एका शब्दात आहे: ऐकणं. त्याच्याइतकं चांगलं ऐकणारा नट मी टीव्हीवर दुसरा पाहिलेला नाही. समोरचा बोलत असताना बरेच नट आपल्या वाक्याची वाट बघत उभे असतात, ते डोळ्यांत दिसतं. मॉर्गन खरोखर ऐकतो. आधी ते शब्द त्याच्या कानावर पडतात, मग चेहऱ्यावर उतरतात, आणि मग तो बोलतो. त्याच्याबरोबर काम करणारा नट त्यामुळे आपोआप बरा दिसायला लागतो.

मॉर्गन हे त्याचं खरं आडनाव का?

नाही. मूळ नाव हॅरी ब्रॅट्सबर्ग. घराणं स्कॅन्डिनेव्हियातून आलेलं. सिनेमात आल्यावर त्याने हेन्री मॉर्गन हे नाव घेतलं आणि पंचाईत झाली. त्याच नावाचा एक विनोदी वक्ता अमेरिकन रेडिओवर गाजत होता, आणि पुढे तो टीव्हीवरही आला. लोकांचा घोळ व्हायला लागला. शेवटी आपल्या नटानेच माघार घेतली आणि तो हॅरी मॉर्गन झाला. म्हणून चाळिशीच्या दशकातल्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत ‘हेन्री मॉर्गन’ दिसलं तर दचकू नका. तो हाच.

अभिनयाकडे तो वळला कसा?

अगदी आडवाटेने. तो वाढला मिशिगन राज्यातल्या मस्कीगन ह्या गावात. शाळेत असताना वादविवाद स्पर्धांमध्ये त्याने राज्यात नाव काढलं होतं, त्यामुळे पोरगा वकील होणार हे ठरल्यासारखंच होतं. त्यासाठी शिकागो विद्यापीठात तो दाखलही झाला. पण ते दिवस महामंदीचे. शिक्षण सुटलं आणि वॉशिंग्टनमध्ये कार्यालयीन सामान विकायची नोकरी त्याने धरली. तिथल्या हौशी रंगभूमीवर तो काम करायला लागला आणि वकिली कायमची राहून गेली.

१९३७ साली तो न्यूयॉर्कच्या ग्रुप थिएटरच्या ‘गोल्डन बॉय’ नाटकात होता. ह्या संस्थेचं नाव अमेरिकन अभिनयाच्या इतिहासात आदराने घेतलं जातं. नटांनी एकत्र राहावं, एकमेकांकडे बघत काम करावं, एकट्या ताऱ्याभोवती नाटक फिरू नये, हा तिचा आग्रह. त्याच नाटकात ली जे. कॉब, एलिया कझान आणि कार्ल माल्डन होते. मला वाटतं, मॉर्गनच्या ऐकण्याची मुळं इथे सापडतात. बाविसाव्या वर्षी ज्याच्या अंगवळणी समूहात काम करणं पडलं, तो पुढे कुठल्याही ताऱ्याशेजारी न बुजता उभा राहिला.

सिनेमात सुरुवातीला कसल्या भूमिका मिळाल्या?

१९४२मध्ये तो हॉलिवूडला आला आणि मिळेल ते करत गेला. सैनिक, टपोरी, खुनी, मित्र. १९४३च्या ‘द ऑक्स-बो इन्सिडेंट’मध्ये तो हेन्री फोंडाचा जोडीदार आहे. त्याबद्दल शेवटी सविस्तर लिहिते, कारण ते माझं सर्वांत आवडतं काम आहे.

‘हाय नून’ (१९५२) बऱ्याच जणांनी पाहिला असेल. गुंड गावात येणार आहेत आणि मार्शल झालेला गॅरी कूपर मदत मागत दारोदार फिरतो आहे. मॉर्गन त्याचा जुना मित्र सॅम. मार्शल येताना खिडकीतून दिसतो, तशी सॅम बायकोला सांगतो की मी घरात नाही असं सांग. बायको दारात उभी राहून खोटं बोलते, ते तिला जमत नाही, आणि कूपरला सगळं कळतं. तो निघून जातो. बायको वळून नवऱ्याकडे बघते. मॉर्गन आतल्या खोलीच्या दारात उभा आहे आणि तिच्यावरच खेकसतो: मी मरावं असं वाटतं का तुला? एवढंच काम, दोनेक मिनिटांचं. पण त्या चिडण्यात जी लाज भरली आहे, ती आपल्याला ओळखीची वाटते. सॅमला खलनायक ठरवून मोकळं होता येत नाही. त्याच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हा प्रश्न मनातून जात नाही.

टीव्हीवर तो कधीपासून दिसायला लागला?

१९५४पासून, ‘डिसेंबर ब्राइड’ ह्या सीबीएसच्या कौटुंबिक विनोदी मालिकेतून. त्यात तो शेजारी पीट पोर्टर झाला होता. पीट सतत आपल्या बायकोचं, ग्लॅडिसचं गाऱ्हाणं सांगत असतो, आणि ग्लॅडिस कधीच पडद्यावर येत नाही. पाच वर्षं मॉर्गनने एका न दिसणाऱ्या बाईचा संसार केला. लोकांना ती बाई इतकी खरी वाटायला लागली की १९६०मध्ये ‘पीट अँड ग्लॅडिस’ नावाची स्वतंत्र मालिका निघाली. त्यात कारा विल्यम्स ग्लॅडिस झाली. ती मालिका १९६२पर्यंत चालली.

त्यानंतरचा एक प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९६३-६४ साली ‘द रिचर्ड बून शो’ नावाचा कार्यक्रम होता. ठरावीक नटांचा एक संच आणि दर आठवड्याला वेगळी गोष्ट. ह्या आठवड्यात मुख्य भूमिका करणारा पुढच्या आठवड्यात दोन वाक्यांपुरता. नाटक कंपनीसारखं. तो एकच हंगाम चालला, पण मॉर्गनसारख्या नटाला ह्याहून चांगली तालीम कुठली मिळणार?

‘ड्रॅगनेट’मधला बिल गॅनन तोच ना?

तोच. १९६७ ते १९७० ह्या काळात एनबीसीवर ‘ड्रॅगनेट’चं नवं रूप आलं. लॉस एंजेलिस पोलिसांच्या फायलींवर बेतलेल्या गोष्टी, आणि जॅक वेब त्यात सार्जंट जो फ्रायडे. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक, तिन्ही वेबच. मॉर्गन त्याचा सहकारी बिल गॅनन.

वेबची कामाची पद्धत वेगळी होती. नटांनी संवाद पाठ करू नयेत, कॅमेऱ्याशेजारच्या यंत्रावर सरकणाऱ्या ओळी वाचाव्यात, म्हणजे बोलणं सपाट आणि खऱ्यासारखं वाटेल, असं त्याचं मत. अशा चौकटीत नटाला हालचाल करायलाही जागा नसते. मॉर्गनने ती जागा काढली खाण्यापिण्याच्या गप्पांमधून. संशयिताच्या घरावर पाळत ठेवून दोघे गाडीत बसलेत आणि गॅनन मनापासून एखाद्या विचित्र सँडविचची कृती सांगतो आहे, नाहीतर सर्दीवरचा घरगुती उपाय. फ्रायडेच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. पण त्या दोन मिनिटांत कळतं की हे दोघे रोज आठ-दहा तास एकत्र काढतात, आणि गॅननला घर आहे, बायको आहे, पोट आहे. पूर्ण मालिकेला माणसाची ऊब आली ती गॅननमुळे.

ह्या दोघांची ओळख जुनी होती. १९५१च्या ‘अपॉइंटमेंट विथ डेंजर’मध्ये दोघेही गुन्हेगार झाले होते, आणि त्यात वेबचं पात्र मॉर्गनच्या पात्राला ठार मारतं. कशाने? तान्ह्या बाळाच्या बुटांनी. आठवण म्हणून ब्राँझमध्ये मढवून घेतलेले ते छोटे बूट मॉर्गनचं पात्र जिवापाड जपत असतं, आणि तेच त्याच्या डोक्यात घातले जातात. पुढे सोळा वर्षांनी हीच जोडी कायद्याचं रक्षण करताना बघितली की गंमत वाटते.

‘मॅश’ ही मालिका कशाबद्दल आहे? मी पाहिलेली नाही.

कोरियन युद्धातलं (१९५०-५३) अमेरिकन सैन्याचं एक फिरतं शस्त्रक्रिया रुग्णालय. तंबू ठोकलेले, आघाडी जवळ, हेलिकॉप्टरमधून जखमी येत राहतात. सक्तीने भरती केलेले डॉक्टर रक्ताच्या थारोळ्यात काम करतात आणि डोकं ठिकाणावर राहावं म्हणून विनोद करतात. आधी कादंबरी आली, मग १९७०चा चित्रपट, आणि १९७२ ते १९८३ सीबीएसवर मालिका. युद्ध तीन वर्षं चाललं, मालिका अकरा. अमेरिकेत तेव्हा व्हिएतनामची जखम ताजी होती, त्यामुळे गोष्ट कोरियाची असली तरी बघणाऱ्यांच्या मनात दुसरंच युद्ध चालू असायचं.

पॉटर होण्याआधी तो त्याच मालिकेत वेड्या जनरलच्या भूमिकेत होता, हे खरं का?

अगदी खरं. सप्टेंबर १९७४मध्ये तिसऱ्या पर्वाच्या पहिल्याच भागात तो जनरल बार्टफोर्ड हॅमिल्टन स्टील बनून आला. डोक्याने पुरता सरकलेला माणूस, पण खांद्यावरच्या हुद्द्यामुळे कुणी बोलायला धजत नाही. रुग्णालय उचलून आघाडीच्या आणखी जवळ न्यायचं त्याच्या मनात भरतं. चौकशीच्या बैठकीत तो मध्येच गाणं म्हणायला लागतो आणि नाचत नाचत निघून जातो. निर्मात्यांना ते काम इतकं आवडलं की वर्षभराने नवा कर्नल हवा झाला तेव्हा त्यांनी मॉर्गनलाच बोलावलं.

स्टील आणि पॉटर एकामागून एक बघा. तोच चेहरा, तोच गणवेश, आवाजही तोच. पण स्टील कुणाचंच ऐकत नाही. समोरचा बोलतोय हे त्याच्या गावीही नसतं. पॉटर सगळ्यांचं ऐकतो. मॉर्गनने फक्त कान बंद ठेवून एक वेडा उभा केला आणि उघडे ठेवून एक शहाणा.

हेन्री ब्लेकच्या जागी येणं अवघड गेलं नसेल का?

गेलंच असणार. आधीचा कमांडर हेन्री ब्लेक प्रेक्षकांचा लाडका होता. ती भूमिका करणारा मॅक्लीन स्टीव्हन्सन मालिका सोडून निघाला, आणि लेखकांनी त्याच्या पात्राला नुसतं घरी पाठवलं नाही. मार्च १९७५च्या त्या भागात ब्लेक हसतमुखाने निरोप घेऊन विमानात बसतो, आणि शेवटी रडार नावाचा छावणीतला कारकून शस्त्रक्रिया चाललेल्या तंबूत येऊन सांगतो की विमान पाडलं गेलं, कुणीही वाचलं नाही. विनोदी मालिकेत असं सहसा कुणी करत नसे. प्रेक्षकांनी चिडून पत्रं पाठवली. त्याच सुमाराला डॉक्टर ट्रॅपर झालेला वेन रॉजर्सही मालिका सोडून गेला.

म्हणजे शोकात असलेल्या घरात मॉर्गनला पाऊल टाकायचं होतं. तो आला सप्टेंबर १९७५मध्ये, आणि त्याचा तो पहिला पूर्ण भाग आजही पाहण्यासारखा आहे. सगळ्यांना भीती की हा कवायतीचा जुना शिपाईगडी आता जाच करणार. त्यातून त्याने गेली काही वर्षं हातात सुरी धरलेली नाही, मग ऑपरेशन तरी जमेल का? जखमी येतात, पॉटर हातमोजे चढवतो आणि निमूटपणे काम करतो. नंतर हॉकआय आणि बी. जे. हे दोघे डॉक्टर आपल्या तंबूतल्या हातभट्टीची दारू त्याच्यापुढे करतात. तो भट्टीकडे बघतो आणि सांगतो, दुसऱ्या महायुद्धात ग्वाम बेटावर माझीही अशी भट्टी होती, एका रात्री फुटली, आणि युद्धात जखमी झाल्याचं पदक मला त्यापायी मिळालं. तिघे हसतात. तो त्यांना ब्लेकची आठवण विसरायला लावत नाही, त्याची जागाही मागत नाही. तो फक्त त्यांच्यात येऊन बसतो.

पॉटरमध्ये मॉर्गनचं स्वतःचं किती होतं?

बरंच. पॉटर मिसूरी राज्यातल्या हॅनिबलचा, घोडदळातून वर आलेला शिपाई. वय चोरून पहिल्या महायुद्धात गेलेला. घोड्यांवर त्याचा जीव. मॉर्गनलाही खऱ्या आयुष्यात घोड्यांचा नाद होता. सोफी ह्या घोडीच्या मानेवरून पॉटर हात फिरवतो तेव्हा तो हात शिकवलेला वाटत नाही.

पॉटरच्या मेजावर त्याच्या बायकोचा, मिल्ड्रेडचा फोटो असतो. तो फोटो मॉर्गनच्या स्वतःच्या बायकोचा, आयलीनचा आहे. मिल्ड्रेड कधी पडद्यावर येत नाही, पण पॉटर तिला पत्रं लिहितो, फोटोकडे बघून बोलतो. न दिसणाऱ्या बायकोची ही त्याची दुसरी खेप. पहिल्या खेपेला तक्रार होती, ह्या खेपेला ओढ. हे कळल्यापासून मला तो फोटो असलेलं प्रत्येक दृश्य वेगळं दिसतं.

पॉटरच्या शिव्यांबद्दलही खूप जण विचारतात. त्या काळी टीव्हीवर खरी शिवी चालत नसे, म्हणून पॉटर चिडला की ‘हॉर्स हॉकी!’ म्हणतो. घोड्याच्या लिदीला सभ्य माणसाने दिलेलं ते नाव. गावाकडचा, घोड्यांत वाढलेला, बायकांसमोर तोंड सांभाळणारा म्हातारा एका उद्गारात समोर उभा राहतो.

एकच भाग बघायला वेळ आहे. कुठला बघू?

‘ओल्ड सोल्जर्स’, १९८०चा. पॉटर टोकियोहून परत येतो आणि सगळ्यांवर डाफरायला लागतो. एक पेटी त्याच्या नावाने येते, तीही तो कुणाला दाखवत नाही. तो आजारी आहे की काय, अशी कुजबुज सुरू होते. मग तो सगळ्यांना आपल्या तंबूत बोलावतो.

गोष्ट अशी: पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यात पाच दोस्त फ्रान्समधल्या एका हवेलीत अडकले होते. तिथे त्यांना उंची ब्रँडी सापडली. त्यातली एक बाटली त्यांनी राखून ठेवली आणि ठरवलं की पाचांतला जो शेवटी उरेल त्याने ती उघडायची आणि बाकीच्यांच्या नावाने प्यायची. टोकियोत चौथा गेला. उरला पॉटर.

मॉर्गन ग्लास उचलतो आणि एकेका दोस्ताचं नाव घेतो. आवाज चढत नाही. थांबतो तिथेही तो भावनेसाठी थांबल्यासारखा दिसत नाही, नाव आठवायला थांबल्यासारखा दिसतो, आणि काळजात काहीतरी लक्कन हलतं. मग तो सांगतो की तुम्ही माझे नवे दोस्त, आता तुम्हीही घ्या. पाच तरण्या पोरांची ती हवेली त्याला समोर दिसते आहे, हे आपल्याला त्याच्या डोळ्यांत दिसतं. तिथे फ्लॅशबॅक नाही आणि त्याची गरजही पडत नाही.

माझे वडील सहसा परदेशी मालिका बघत नसत. हा भाग त्यांनी माझ्या शेजारी बसून पाहिला. संपल्यावर ते काही बोलले नाहीत, आतून जुना गटाचा फोटो घेऊन आले आणि त्यातले कोण कोण गेले ते मला बोट ठेवून सांगत बसले.

त्याला पुरस्कार मिळाले का?

एमी ह्या अमेरिकन टीव्हीच्या पुरस्कारासाठी बऱ्याचदा नामांकन मिळालं. जिंकला एकदाच, १९८० साली, विनोदी मालिकेतला सहायक अभिनेता म्हणून. ‘मॅश’चे काही भाग त्याने दिग्दर्शितही केले.

‘मॅश’च्या गोष्टीशी भारताचा काही संबंध आहे का?

मालिकेशी नाही, पण त्या युद्धाशी आणि त्या कामाशी आहे, आणि तो आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक असतो. कोरियात भारताने लढणारं सैन्य पाठवलं नाही, पण नोव्हेंबर १९५०मध्ये ६०वी पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स पाठवली. तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज. चिनी फौजा येत असताना प्याँगयाँगहून माघारीचा हुकूम झाला, तेव्हा ह्या मंडळींनी आपली औषधं आणि अवजारं मागे टाकायला नकार दिला. एक रेल्वे इंजिन मिळवलं, सामान डब्यांत भरलं आणि गाडी स्वतः चालवत दक्षिणेला आणली. पुढे मार्च १९५१मध्ये ह्याच तुकडीतली काही माणसं अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर विमानातून उतरली. रंगराज यांना महावीर चक्र मिळालं. ‘मॅश’ बघताना ती गाडी माझ्या डोक्यात असते.

शेवटच्या भागाबद्दल इतकं का बोललं जातं?

२८ फेब्रुवारी १९८३. अडीच तासांचा भाग, हॉकआय झालेल्या अ‍ॅलन अल्डाने दिग्दर्शित केलेला. अमेरिकेत जवळपास साडेदहा कोटी लोकांनी तो पाहिला. त्याआधी काही महिन्यांपूर्वी मालिबूजवळच्या डोंगरात वणवा लागून बाहेरच्या चित्रीकरणाचा तळ जळून गेला होता, तर लेखकांनी ती आगही गोष्टीत घेतली.

मॉर्गनचा निरोप त्यात असा आहे. पॉटर सोफीवर बसून निघतो, तिला एका अनाथालयात सोडून तो घरी जाणार. अकरा वर्षांत हॉकआयने लष्करी शिस्तीची टर उडवायची एकही संधी सोडलेली नाही. सलाम हा तर त्याचा खास चेष्टेचा विषय. आता तो आणि बी. जे. कर्नलसमोर सरळ उभे राहतात आणि कडक सलाम करतात. पॉटर घोडीवरून सलाम परतवतो आणि जातो. मॉर्गनच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे दिसतं त्याला अभिनय म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

चित्रीकरण संपल्यानंतर पत्रकारांनी त्याला विचारलं होतं की ह्या मालिकेने तुला चांगला नट बनवलं का. त्याने सांगितलं, ते मला माहीत नाही, पण माणूस म्हणून मी नक्की सुधारलो.

त्यानंतर काय केलं?

पॉटर, छावणीतला शिपाई क्लिंगर आणि पाद्री फादर मुल्कही ह्यांना घेऊन १९८३मध्ये ‘आफ्टरमॅश’ निघाली, मिसूरीतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात घडणारी. दुसऱ्या पर्वात ती दुसऱ्या वाहिनीवरच्या गाजलेल्या ‘द ए-टीम’ मालिकेच्याच वेळेला लावली गेली आणि आटोपली. युद्ध नसताना ती माणसं पोकळ वाटत होती, हेही खरं. १९८७च्या ‘ड्रॅगनेट’ चित्रपटात तो पुन्हा गॅनन झाला, आता बढती मिळालेला. १९९५मध्ये ‘द सिम्पसन्स’च्या एका भागात गॅननला त्याने आवाजही दिला. नव्वदीच्या दशकात ‘थर्ड रॉक फ्रॉम द सन’मध्ये पाहुणा म्हणून तो येऊन गेला.

घरचं आयुष्य कसं होतं?

आयलीनशी त्याचं लग्न १९४०मध्ये झालं. चार मुलगे. १९८५मध्ये ती गेली. पुढच्या वर्षी त्याने दुसरं लग्न केलं.

१९९६मध्ये पत्नीला मारहाण केल्याचा आरोप त्याच्यावर आला. समुपदेशनाचा सक्तीचा कार्यक्रम पूर्ण केल्यावर तो खटला काढून टाकण्यात आला. हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो आणि मी तो टाळत नाही. मला त्याचं वाईट वाटतं, आणि पॉटरवरच्या प्रेमापोटी ते झाकावं असं मला वाटत नाही.

पॉटर सोडून त्याचं काम बघायचं तर कुठून सुरुवात करू?

हलकंफुलकं हवं असेल तर ‘सपोर्ट युवर लोकल शेरिफ’ (१९६९) किंवा डिस्नेचा ‘द अ‍ॅपल डम्पलिंग गँग’ (१९७५). दुसऱ्यात तो गावचा न्हावी, शेरिफ आणि न्यायाधीश असं सगळं एकटाच आहे. ‘इनहेरिट द विंड’मध्ये (१९६०) स्पेन्सर ट्रेसी आणि फ्रेडरिक मार्च एकमेकांवर गरजत असताना मधल्या खुर्चीत बसलेला न्यायाधीश बघा. ‘द शूटिस्ट’मध्ये (१९७६) जॉन वेनचं पात्र मरणाला टेकलंय हे कळल्यावर मॉर्गनचा मार्शल आनंदाने हसतो. अंगावर काटा येतो, पण बघा.

आणि वेळ काढून ‘द ऑक्स-बो इन्सिडेंट’ बघा. जमावाने तीन निरपराध माणसांना फाशी दिली आहे. नंतर गुत्त्यात सगळे मान खाली घालून उभे आहेत, आणि मेलेल्यांपैकी एकाने बायकोला लिहिलेलं पत्र फोंडा वाचतो. फोंडा मोठा तारा, वाक्यं सगळी त्याची. मॉर्गन त्याच्या शेजारी उभा आहे. दिग्दर्शक विल्यम वेलमनने कॅमेरा अशा कोनात लावला आहे की मॉर्गनच्या हॅटची कड फोंडाच्या डोळ्यांवर येते. पत्र संपेपर्यंत ताऱ्याचे डोळे आपल्याला दिसत नाहीत. त्याचा हलणारा ओठ दिसतो आणि पुढ्यात मॉर्गन, हॅट खाली, एक शब्दही न बोलता ऐकत असलेला.